बागेची वही

मंडळाच्या कोजागिरीला एकीनं विचारलं, "ताई, त्या वहीत तुम्ही एवढं लिहिता तरी काय?" दुधाचा पेला हातात घेऊन उभ्याउभ्या सांगण्यासारखं ते नव्हतं, म्हणून आज इथे.

बागकामाची बहुतेक मराठी पुस्तकं पुण्या-मुंबईकडची. माहिती चांगली, पण हवा तिकडची. आपण इंदूरकर. मे महिन्यात इथे लू, पाऊस साधारण जूनच्या मध्यावर आणि जानेवारीत पहाटे हात बाहेर काढवत नाही अशी थंडी. काळी माती नुसतीच कुंडीत भरली तर पाणी वरच तुंबतं आणि वाळली की भेगा. तेव्हा आपल्या गच्चीचं पंचांग आपणच मांडायला हवं.

कढीपत्त्याचंच बघा. मुंबईला नणंदेकडे तो बारमाही हिरवा. इथे थंडीत पानं पिवळी पडतात, गळतात आणि नुसत्या काड्या उरतात. शेजारच्या काकूंनी तर मेलं म्हणून कुंडी रिकामी करायला काढली होती. मी वही नेऊन दाखवली. माझ्या झाडाला नवे कोंब फुटल्याच्या तारखा होत्या २७ फेब्रुवारी, ३ मार्च, २४ फेब्रुवारी; तीन वर्षं ओळीनं. म्हटलं, "काकू, होळीपर्यंत थांबा आणि पाणी अगदी कमी घाला." थांबल्या बिचाऱ्या. परवाच्या पोह्यांना पानं त्यांच्याकडूनच आणली.

वही साधी, दोनशे पानी, मुलांच्या शाळेची असते तशी. लिहायचं फक्त उजव्या पानावर. डावं पान पुढच्या वर्षासाठी कोरं ठेवायचं, म्हणजे दोन वर्षं समोरासमोर येतात. बॉलपेन किंवा पेन्सिल वापरा, शाई पाण्याच्या एका थेंबानं पसरते. मोबाइलवरही करता येतं, पण मातीच्या हातांनी कोण करणार! "बाग आज सुंदर दिसत होती" या नोंदीचा पुढच्या वर्षी काडीचा उपयोग नाही. "मोगऱ्याला १७ कळ्या, काल खत घातलं नव्हतं" याचा आहे. बी कुठून आणलं, किती दिवसांनी उगवलं, काय मेलं, तेही लिहा. रोज नको, आठवड्याला दोन ओळी पुरतात.

तारखेशेजारी मी नक्षत्रही लिहिते. सासूबाई तारीख सांगतच नसत. मृग लागला की कारल्याचं बी, असा त्यांचा हिशेब. तिथी दर वर्षी मागेपुढे होते, पण पावसाची नक्षत्रं सूर्यावरची, त्यामुळे मृग ७-८ जूनलाच लागतो. त्या गेल्यावर कपाटात त्यांची जुनी कॅलेंडरं सापडली. दुधाच्या हिशेबाच्या चौकटीत, "१ लिटर"च्या खाली, बारीक अक्षरात "मोगरा, ओंजळभर". शेवटच्या वर्षीच्या एप्रिलमध्ये "मोगरा, ५". ती पानं मी वहीत चिकटवली आहेत. झाड तेच आहे, खालच्या नोंदी आता माझ्या.

खताचं मात्र वेगळं पान करा. आपल्या गावाचं नाव जगभरच्या बागायतदारांना ठाऊक आहे ते खतामुळेच. अल्बर्ट हॉवर्ड १९२४ ते १९३१ इथे होते. पालापाचोळा, शेण, माती आणि राख यांचे थर देऊन, ढीग वरखाली करून साधारण तीन महिन्यांत खत तयार करण्याची "इंदूर पद्धत" त्यांची. १९३१च्या पुस्तकावर त्यांच्याबरोबर यशवंत वाड यांचंही नाव आहे, हे आपल्याकडे फारसं कुणी सांगत नाही. गच्चीवरच्या बादलीला हिवाळ्यात जास्त दिवस लागतात. बादली कधी भरली आणि कधी उघडली, या दोन तारखा टाकल्या की आपला आकडा आपल्याला मिळतो.

सध्या मेथी, पालक, कोथिंबीर पेरायचे दिवस आहेत, तेव्हा पहिली नोंद त्यांचीच होऊ द्या. आणि ग्वाल्हेर, देवास, उज्जैनच्या मैत्रिणींनो, कढीपत्त्याला कोंब फुटले की तारीख मला जरूर कळवा. ग्वाल्हेरची थंडी आपल्याहून कडक, तिथे होळीपर्यंत तरी फुटतात का, हे मला बघायचंय.