दिनविशेष फळ्यावरच राहतो!

शाळेचा परिपाठ. राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, सुविचार आणि मग दिनविशेष. ‘आज १२ जुलै. १९६१ साली आजच्या दिवशी पानशेतचे धरण फुटले व पुण्यात महापूर आला.’ वाक्य संपते, रांगा वर्गाकडे वळतात आणि गणिताचा तास सुरू होतो. दुसऱ्या दिवशी फळा पुसून नवी तारीख लिहिली जाते. वर्षभर हे दिनविशेष मुलांच्या कानांवरून जातात. मनात एकही मुक्काम करीत नाही. याला का इतिहासाचे संस्कार म्हणायचे?

आमचे स्पष्ट म्हणणे असे की, आठवी ते दहावीच्या विद्यार्थ्यांना दिनविशेष नुसता ऐकवू नये. त्यावर रोज दहा ओळी लिहावयास लावाव्यात. मात्र प्रश्न ‘माहिती लिहा’ असा नको. पानशेतचे काम अपुरे असतानाच धरणात पाणी साठले होते. तुम्ही तेथे अभियंता असता, तर आदल्या रात्री पुण्याला काय कळविले असते?

१४ जानेवारी १७६१. पानिपतावर भाऊसाहेबांच्या छावणीत लढवय्यांबरोबर यात्रेकरू आणि बायकामुलेही होती. रसद जमविणारे गोविंदपंत बुंदेले डिसेंबर १७६० मध्येच मारले गेले होते. त्या छावणीतल्या कारकुनाने घरी काय लिहिले असते? हे पत्र लिहिणाऱ्या मुलाला उमगेल की, उणीव शौर्याची नव्हती, धान्याची होती.

२० मार्च १९२७. महाडचे चवदार तळे सर्वांना खुले करण्याचा ठराव नगरपालिकेने १९२४ सालीच केला होता. तरीही डॉ. आंबेडकरांना सत्याग्रह का करावा लागला? तळ्याकाठच्या घरातून ते पाहणाऱ्या मुलाने त्या रात्री वडिलांना काय विचारले असते? हा प्रश्न आपल्यालाही बोचणारा आहे. म्हणूनच तो विचारला पाहिजे.

यावर आक्षेप ठरलेले. अभ्यासक्रम पुरा होत नाही, असे शिक्षक म्हणतात. याला गुण किती, असे पालक विचारतात. दहा मिनिटांनी अभ्यासक्रम बुडत नाही, आणि ज्याला गुण नाहीत ते शिकायचेच नाही, ही शिकवण मुलांना आपणच दिली आहे. तिसरा आक्षेप भाविकांचा : मुले थोर पुरुषांविषयी वेडेवाकडे लिहितील. लिहू द्या! चौदा वर्षांच्या मुलाच्या प्रश्नाने जो अभिमान डळमळतो, तो मुळातच कच्चा असतो.

दोष केवळ शाळेचा नाही. जयंतीच्या वक्तृत्व स्पर्धेचे भाषण वडील लिहितात, मुलगा पाठ करतो आणि बक्षिसाचे छायाचित्र दिवाणखान्यात लागते. हाच मुलगा पुढे भ्रमणध्वनीवर आलेला कोणताही मजकूर इतिहास समजून दहा जणांना धाडतो. स्वतः एक वाक्य लिहून ते पडताळून पाहण्याची सवयच त्याला लावलेली नसते. मग त्याला दोष कोणत्या तोंडाने द्यायचा?

तेव्हा प्रारंभ घरातून व्हावा. आज रात्री दिनदर्शिकेत उद्याची तारीख पाहा, एक प्रश्न काढा आणि मुलापुढे कोरी वही ठेवा. पहिले काही दिवस मार्गदर्शकातलीच वाक्ये उतरतील. एके दिवशी त्याचे स्वतःचे वाक्य येईल. कदाचित ते आपल्याला रुचणारही नाही. तरी ते शेवटपर्यंत वाचा, आणि दुसऱ्या दिवशी पुढचा प्रश्न द्या.