संविधानाचा अर्थ कोणत्या काळातला? न्यायमूर्ती स्कालियांचा वारसा

अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने 2022 मध्ये गर्भपाताचा घटनात्मक हक्क रद्द केला. त्यामागच्या विचाराचे सर्वांत प्रभावी पुरस्कर्ते, न्यायमूर्ती अँटोनिन स्कालिया, 2016 मध्येच वारले होते.

काय आहे हा विचार? याला 'ओरिजिनलिझम' म्हणतात. राज्यघटनेतल्या शब्दांचा अर्थ ती मंजूर झाली तेव्हा लोकांना जो समजत होता, तोच आजही धरायचा. बदल हवा असेल तर तो लोकप्रतिनिधींनी करावा, न्यायाधीशांनी नाही.

रेगन यांनी 1986 मध्ये नेमलेल्या स्कालियांनी 2008 च्या हेलर खटल्यात याच आधारे स्वसंरक्षणासाठी घरात बंदूक ठेवण्याचा वैयक्तिक हक्क मान्य केला. पण झेंडा जाळणं अजिबात पसंत नसूनही 1989 मध्ये त्यांनी झेंडा जाळणाऱ्याच्याच बाजूने मत दिलं.

टीकाकार विचारतात, ज्या काळात गुलामांना आणि बहुतेक स्त्रियांना मताधिकारच नव्हता, त्या काळचा अर्थ आजच्या हक्कांची सीमा का ठरवावी? समर्थक विचारतात, मग निवडून न आलेल्या नऊ न्यायाधीशांनी ती ठरवायची का?

अडचण अशी, की घटनादुरुस्तीला 50 पैकी 38 राज्यांची मंजुरी लागते आणि शेवटची दुरुस्ती 1992 मध्ये झाली. त्यामुळे कोर्टाने लावलेला अर्थ बदलणं लोकांच्या हातात जवळपास उरतच नाही.