शीलाचा तराजू कोणाच्या हातीं?

आमच्या खेड्यांतील तालमींत पोरगा नवा आला म्हणजे वस्ताद त्यास डाव मागाहून शिकवितो, आधीं नेम सांगतो. पहांटे उठावें, आखाड्याची माती स्वतः खणावी, तंबाखूस शिवूं नये, लंगोट सांभाळावा, आणि एकदां मातींत उतरल्यावर पाटलाचा पोर व तेल्याचा पोर असा भेद मनांत आणूं नये. सगळ्याच तालमी अशा असतात असें मी म्हणत नाहीं. पण ज्या तालमीचें नांव चार गांवांत निघतें ती अशीच असते. हे नेम कडक आहेत, तरी त्यांच्याविरुद्ध कोणा आईबापांनीं ओरड केलेली माझ्या ऐकण्यांत नाहीं. कां बरें? वस्ताद स्वतः तेच नेम पाळून म्हातारा झालेला असतो, आणि नेम मोडणारा पाटलाचा असला तरी त्यास तालमीची पायरी उतरावी लागते. तराजू सर्वांस एक, आणि तो धरणाराही त्याच तराजूंत बसलेला. एवढी गोष्ट गांठीशीं बांधून वाचकांनीं माझ्याबरोबर थोडा वेळ अमेरिकेंत यावें.

तेथें युटा राज्यांत प्रोव्हो शहरीं ब्रिगहॅम यंग या नांवाचें मोठें विद्यापीठ आहे. १८७५ सालीं निघालेली ही संस्था ख्रिस्ती धर्मांतील मॉर्मन पंथाच्या मालकीची असून तींत आज तीस हजारांवर विद्यार्थी शिकतात. पंथाचे लोक मिळकतीचा दहावा हिस्सा धर्मास देतात, आणि त्या पैशाचा विद्यापीठास मोठा आधार आहे. येथें शिकावयाचें तर विद्यार्थ्यास आचाराचा एक करार मान्य करावा लागतो. दारू नाहीं, तंबाखू नाहीं, इतकेंच काय पण चहा आणि कॉफीही नाहीं. लग्नापूर्वीं स्त्रीपुरुषसंबंध नाहीं. पोशाखाची रीत ठरलेली, केंसांची रीत ठरलेली, आणि वर्षानुवर्षें पुरुषांस दाढीची मनाई. गंमत अशी कीं, ज्या ब्रिगहॅम यंगचें नांव विद्यापीठास दिलें त्याचा पुतळा आवारांत उभा आहे, आणि त्या पुतळ्यास चांगली दाढी आहे! हा करार पंथांतल्यास लागू, पंथाबाहेरच्यासही लागू. पुस्तकांत डोकें घालून बसणाऱ्यास लागू आणि मैदान गाजविणाऱ्या खेळाडूसही लागू.

२०११ सालीं या कराराची मोठी कसोटी लागली. विद्यापीठाचा बास्केटबॉलचा संघ त्या हंगामांत २९ सामन्यांपैकीं २७ जिंकून बसला होता आणि साऱ्या देशांत त्याचा तिसरा नंबर लागला होता. अशा ऐन भरांत, मार्चच्या पहिल्या तारखेस, ब्रॅन्डन डेव्हिस नांवाच्या खेळाडूस उरलेल्या हंगामापुरतें संघाबाहेर काढलें. हा काळ्या वर्णाचा तरुण प्रोव्होचाच, आणि त्याच पंथांत वाढलेला. लग्नापूर्वींच्या संबंधाचें कलम त्यानें मोडलें असें वर्तमानपत्रांनीं जगभर छापलें. दुसऱ्याच दिवशीं तो संघ आपल्याच घरच्या मैदानावर ६४ विरुद्ध ८२ असा हरला. पुढें राष्ट्रीय स्पर्धेंत शेवटच्या सोळा संघांत पोंचून तेथें थांबला.

पुष्कळांनीं त्या वेळीं विद्यापीठाची पाठ थोपटली. विजय हातचा घालविला पण वचन मोडलें नाहीं, असें ते म्हणाले. यांत खोटें कांहींच नाहीं. आम्ही भिक्षुकशाहीवर टीका करतों म्हणून समोरच्याचा खरेपणा आम्हांस दिसूंच नये असें थोडेंच आहे? हे लोक रविवारीं खेळत नाहींत. रविवारचा सामना असेल तर वेळापत्रक बदलून मागतात, तें न बदलेल तर सामन्यावर पाणी सोडतात. जो नेम पाळतांना मालकाचीच तिजोरी हलकी होते, त्या नेमास मी ढोंग म्हणणार नाहीं. डेव्हिसलाही कायमचें टाकलें नाहीं; त्याच वर्षाच्या पुढल्या हंगामांत त्याला परत घेतलें आणि तो आणखी दोन हंगाम खेळला.

पण बंधूंनो, तराजूचा काटा एकाच वजनानें तपासतां येत नाहीं. त्याच वर्षीं एप्रिलांत दोघां लेखकांनीं मागच्या प्रकरणांची मोजदाद छापली. १९९३ पासून या करारापायीं शिक्षा झालेले किंवा संघ सोडावा लागलेले निदान ७० खेळाडू त्यांना सांपडले. त्यांतले ५४ गोरे नव्हते, आणि ४१ तर काळे पुरुष होते. त्या विद्यापीठांत काळे विद्यार्थी शेंकडा एकही भरत नव्हते हें ध्यानांत घ्या. खेळाडूंत काळ्यांचें प्रमाण अधिक असतें हें खरें. तरी एवढें अंतर तेवढ्यानें भरून निघत नाहीं.

मग काय, काळी मुलें अधिक पापी? असें म्हणणारे तेथें आहेत, आणि आमच्याकडे हीच भाषा जातीविषयीं बोलणारेही कमी नाहींत. मला कारण निराळें दिसतें. पंथांत जन्मलेल्या मुलास लहानपणापासून ठाऊक असतें कीं, पाऊल घसरलें तर कोणाकडे जावयाचें, काय बोलावयाचें, पश्चात्ताप कसा दाखवावयाचा. त्याचे काका-मामा त्याच मंडळींत बसलेले असतात; त्याचें प्रकरण घरच्या घरीं मिटतें. दूरच्या शहरांतून केवळ खेळाच्या शिष्यवृत्तीवर आलेल्या काळ्या पोराला तेथें ना मामा, ना काका. त्यांतून तो उंचापुरा, हजारांत उठून दिसणारा; तो कोणाबरोबर फिरला हें साऱ्या गांवाला ठाऊक. नियमाचा कागद एकच, पण एकाचा अपराध घराच्या भिंतींत राहतो आणि दुसऱ्याचा चावडीवर येतो. कचेरींत आणि कोर्टांत आम्हां रयतेचा अनुभव याहून वेगळा आहे काय?

आतां तराजू धरणारा हात पाहूं. विद्यार्थ्यानें दरवर्षीं धर्माधिकाऱ्याचें शिफारसपत्र आणलें पाहिजे, तरच त्याचें नांव पटावर राहतें. हा धर्माधिकारी पोटभरू भिक्षुक नव्हे हें कबूल केलें पाहिजे. तो दिवसा दुकान चालवितो किंवा नोकरी करितो आणि मंडळींचें काम फुकट पाहतो. आमच्या सत्यशोधकांनीं दलालावांचून धर्म मागितला, त्याच्या हें थोडें जवळचें दिसतें. परंतु दक्षिणा न घेणाऱ्या हातांतही सत्ता असते. परधर्माचा विद्यार्थी तेथें परधर्मी राहून शिकूं शकतो. पण पंथांत जन्मलेल्या मुलानें विचार करून पंथ सोडला, तर त्याचें शिफारसपत्र जातें आणि त्याबरोबर शिक्षणही. चोरी नाहीं, मारामारी नाहीं, केवळ मत बदललें म्हणून पाटीदप्तर उचलावयाचें! मी स्वतः शाळामास्तर आहें, शिस्तीचा वैरी नाहीं. उशिरा येणाऱ्यास मी उभें करितों आणि कॉपी करणाऱ्याचा पेपर काढून घेतों. पण मुलाच्या मनांत देव कोणता आहे हें विचारून हजेरी घेणें हें मास्तराचें काम नव्हे.

या घराचा इतिहासही वाचकांनीं ऐकावा, कारण त्यांत आपल्याला आपलेंच दुखणें दिसेल. १८५२ सालीं याच ब्रिगहॅम यंगनें जाहीर केलें कीं, काळ्या वंशाच्या पुरुषास पौरोहित्याचा अधिकार नाहीं. त्या पंथांत सज्जन घरचा मुलगा वयांत आला कीं त्यास हा अधिकार मिळतो. म्हणजे काळ्या माणसानें दारू सोडावी, तंबाखू सोडावी, दहावा हिस्सा द्यावा, शील सांभाळावें, आणि इतकें करून जन्मानें तो अपात्रच! कोल्हापुरांत छत्रपतींच्या घरीं वेदोक्त म्हणण्यास नकार देणारे काय निराळें सांगत होते? आचाराची परीक्षा घ्यावयाची आणि निकाल जन्मावर लावावयाचा, ही युक्ती सर्व देशांत एकच.

याविरुद्ध मोठा आवाज खेळाडूंनींही उठविला. १९६९ च्या ऑक्टोबरांत शेजारच्या वायोमिंग राज्याच्या विद्यापीठाचा फुटबॉल संघ ब्रिगहॅम यंगच्या संघाशीं खेळणार होता. वायोमिंगच्या संघांतील चौदा काळ्या खेळाडूंनीं ठरविलें कीं, या अन्यायाच्या निषेधार्थ दंडावर काळी फीत बांधावी. सामन्याच्या आदल्या दिवशीं ते फिती बांधून आपल्या शिक्षकाकडे विचारावयास गेले. खेळाडूंनीं निदर्शनांत भाग घेऊं नये असा त्याचा नियम होता. त्यानें चौदाही जणांस तेथल्या तेथें संघांतून काढून टाकलें. दुसऱ्या दिवशींचा सामना वायोमिंगनें त्यांच्यावांचून ४० विरुद्ध ७ असा जिंकला, तेव्हां त्या शिक्षकाची छाती फुगली असेल. पण त्या हंगामांतले शेवटचे चार सामने तो संघ हरला, आणि पुढल्या वर्षीं दहांपैकीं एकच जिंकला. वायोमिंग विद्यापीठानें त्या चौदा जणांची रीतसर माफी मागितली ती २०१९ सालीं, म्हणजे पन्नास वर्षांनीं. तोंवर कांहीं जण जग सोडून गेले होते. मॉर्मन पंथानें काळ्यांस पौरोहित्य खुलें केलें तें १९७८ च्या जूनमध्यें. काळा वर्ण हा देवाचा शाप असें सांगणारी जुनी शिकवण खोटी, हें पंथानें २०१३ सालीं लेखी मान्य केलें. देवाचा म्हणून सांगितलेला नियम माणसाच्या हातानें बदलतो, तेव्हां तो पहिल्यापासून कोणाचा होता हें शेतकऱ्याच्या पोरालाही कळतें.

कोणी म्हणेल, "करार वाचून, राजीखुषीनें सही केली, मग रडतां कशाला?" हा प्रश्न सावकाराच्या ओसरीवर आम्हीं पुष्कळ वेळां ऐकला आहे. अंगठा राजीखुषीनेंच उठवितात. पण घरांत दाणा नसतां उठविलेल्या अंगठ्याची राजीखुषी केवढी? ज्या गरीब मुलास खेळाखेरीज कॉलेजाची वाट नाहीं तो सतराव्या-अठराव्या वर्षीं समोर आलेल्या कागदावर सही करितो. २०२१ पर्यंत अमेरिकेंत फुटबॉल-बास्केटबॉलच्या खेळाडूनें विद्यापीठ बदललें तर बहुधा त्यास एक वर्ष बसून काढावें लागे, आणि स्वतःच्या नांवावर पैसा मिळविण्यासही बंदी होती. आतां तीं दारें उघडलीं आहेत. २०२५ सालीं याच विद्यापीठाच्या फुटबॉल संघाच्या एका मुख्य खेळाडूवर, जो धर्मानें यहुदी होता, या करारापायीं सात सामन्यांची बंदी येणार असें प्रसिद्ध झालें. तो सरळ दुसऱ्या विद्यापीठाच्या संघांत निघून गेला. म्हणजे ज्याला बाजारांत किंमत आहे त्याला दुसरें दार आहे. ज्याला ती नाहीं त्यानें उंबऱ्यावर डोकें ठेवावें!

लेकींच्या आईबापांनीं आणखी एक गोष्ट ऐकावी. २०१६ सालीं असें उजेडांत आलें कीं, आपल्यावर अत्याचार झाला अशी फिर्याद घेऊन गेलेल्या मुलींचीच याच विद्यापीठांत आचारभंगाबद्दल चौकशी होत असे. तूं त्या वेळीं तेथें कां होतीस, हा पहिला प्रश्न! त्या मुलींनीं धीर केला, उघड बोलल्या, आणि त्याच वर्षीं विद्यापीठास ठरवावें लागलें कीं फिर्याद करणारीस त्या प्रसंगांतील आचारभंगाबद्दल शिक्षा होणार नाहीं. शीलाचा नियम धाकाचा झाला कीं तो गुन्हेगाराचें पांघरूण कसा बनतो, याचा हा दाखला.

आतां घरीं परत येऊं. कर्मवीर भाऊराव पाटील कोल्हापुरास शिकत असतां जैन बोर्डिंगांत राहत. पोहणें आणि कुस्ती यांचा त्यांना मोठा नाद. १९०८ सालीं अस्पृश्य मुलांसाठीं निघालेल्या वसतिगृहाच्या समारंभास ते गेले. परत आल्यावर आंघोळ करून शुद्ध व्हा, असा त्यांना हुकूम झाला. त्यांनीं तो मानला नाहीं, आणि बोर्डिंगांतून त्यांस जावें लागलें. पुढें याच माणसानें साताऱ्यास वसतिगृह काढलें. तेथें शिस्त नव्हती काय? चांगली कडक होती. पहांटे उठणें, स्वतः दळणें, शेतांत राबणें सर्वांस सारखें. आणि मराठा, महार, मुसलमान यांची मुलें एकाच पंगतीस. शिस्तीचा चटका सोसलेल्या माणसानें शिस्त टाकली नाहीं. तिच्यांतला विटाळ तेवढा काढून टाकला.

म्हणून माझें सांगणें इतकेंच. मूल कोणत्याही बोर्डिंगांत, तालमींत, खेळाच्या शाळेंत घालाल तेव्हां नियमांचा कागद वाचून घ्या. वाचतां येत नसेल तर वाचणाऱ्यास शेजारीं बसवा. मग तीन गोष्टी विचारा. हा नियम चालकांच्या मुलांसही लागू आहे काय? नियम मोडल्याचा निवाडा एकटा धर्माधिकारी करितो, कीं मुलाच्या बाजूनें बोलणारा कोणी तेथें बसतो? आणि चुकलेल्या मुलास परत येण्यास वाट आहे काय? तीनही उत्तरें सरळ आलीं तर नियम कितीही कडक असो, मूल खुशाल ठेवा. त्यानें त्याचें भलेंच होईल. एकही उत्तर वांकडें आलें तर दप्तर उचला.

वायोमिंगच्या त्या चौदांपैकीं जे हयात आहेत त्यांनीं २०२० सालापासून त्याच मॉर्मन मंडळींच्या साह्यानें भुकेल्यांस धान्य वांटण्याचें काम चालविलें आहे. ज्यांच्या अन्यायाविरुद्ध त्यांनीं फीत बांधली होती, त्यांच्याच हातांत हात घालून. तरुणपणीं पुढें आलेलें ताट ज्यांच्याकडून हिसकून घेतलें गेलें, त्या म्हाताऱ्यांस शील शिकविण्याचा अधिकार आतां कोणत्या धर्माधिकाऱ्यास उरला आहे?

— एक शाळामास्तर