पांजरपोळाचा नंबर माझ्याकडे नाही



गेल्या रविवारी इचलकरंजीहून मावसबहिणीचा फोन आला. तिच्या नवऱ्याला स्वीडनमध्ये नोकरी लागली आहे. दीड महिन्यात निघायचं. घर भाड्याने द्यायचं ठरलं, मुलाचा शाळेचा दाखला काढला, दागिने लॉकरमध्ये गेले, लोणचं किती न्यावं यावर पाच मिनिटं बोलून झालं. मग अगदी सहज म्हणाली, "अगं, तुझ्या ओळखीचं एखादं पांजरपोळ आहे का? ब्राउनीला ठेवायचंय. आम्ही देणगीही देऊ चांगली."

ब्राउनी सात वर्षांची आहे. तिचा मुलगा आठ वर्षांचा. दोघं एकाच चटईवर वाढलेत.

मी चार वर्षं स्टॉकहोममध्ये दोन कुत्र्यांसह राहते, म्हणून तिने मला विचारलं. मी नंबर देणार नाही म्हटल्यावर ती चिडली. "मग तूच सांग, जैनाच्या घरात कुत्रं ठेवायचं तरी कशाला? मांस खाणारा जीव तो. पाळणं म्हणजे पापच की!"

हा प्रश्न तिला सात वर्षांत एकदाही पडला नव्हता. व्हिसा आल्यावर पडला.

मला राग येतो तो इथेच. कुत्रं पाळू नये असं मनापासून मानणारी बाई मला पटते. माझ्या सासूबाई तशाच होत्या. त्यांनी कुत्रं कधी घरात आणलं नाही आणि दारात आलेल्याला कधी उपाशी परत पाठवलं नाही. पण मुलाच्या वाढदिवसाला पेट शॉपमधून पिल्लू विकत आणायचं, त्याला फेटा बांधून फोटो काढायचे, आणि परदेशी जायची वेळ आली की धर्म आठवायचा, याला काय म्हणायचं? धर्म अडचणीतून सुटायला वापरला की तो धर्म राहत नाही, सबब होते.

शास्त्राचा दाखला देणाऱ्यांनाही थोडं सांगते. आपल्या श्वेतांबर मैत्रिणी असतीपोषणाचा दोष दाखवतात. बरोबर आहे. बाराव्या शतकात हेमचंद्राचार्यांनी योगशास्त्रात श्रावकाने टाळायचे धंदे सांगितले, त्यात हा आहे, आणि त्यात पोपट-मांजरांबरोबर कुत्र्याचं नावही आहे. पण तिथे एक शब्द आहे, तो आपण सोयीने गिळतो. हे पोषण पैशासाठी केलेलं असेल तर तो दोष. म्हणजे पिल्लं काढून विकणारा त्यात येतो, आणि त्याच्याकडून तीस-चाळीस हजारांना पिल्लू आणणारे आपणही त्याच्या धंद्याला हातभार लावतो. तेव्हा शास्त्राची आठवण यायला हवी होती ती दुकानात. सात वर्षं घरात राहिलेल्या जिवाला बाहेर काढायला त्या वचनाचा काही आधार नाही.

उलट जे वचन आपल्याला थेट लागू आहे ते तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात आहे, आणि दशलक्षणात दरवर्षी आपण ते ऐकतो. अहिंसा अणुव्रताचे पाच अतिचार: बंध, वध, छेद, अतिभारारोपण, अन्नपाननिरोध. बांधणं, मारणं, अवयव कापणं, झेपणार नाही इतकं ओझं लादणं, अन्नपाणी रोखणं. हे मुख्यतः गोठ्यातल्या, दारातल्या जनावराबद्दलच समजावलं जातं. आचार्यांना ठाऊक होतं की श्रावक कुणाचा खून करायला जाणार नाही. त्याच्या हातून हिंसा होईल ती त्याच्यावरच अवलंबून असलेल्या मुक्या जिवावर, आणि ती त्याला हिंसा वाटणारही नाही.

मलाही वाटली नव्हती. हे आजवर लिहिलं नव्हतं, आज लिहिते. पहिल्यांदा सांगली सोडून पुण्याला गेलो तेव्हा फ्लॅट लहान, म्हणून शेरूला मळ्यावर ठेवला. गड्याला महिन्याला पैसे द्यायचे, रोज भाकरी-दूध घालायचं असं ठरलं. सगळे म्हणाले, मोकळ्या हवेत मजेत राहील. दिवाळीला गेलो तर तो कडुलिंबाला साखळीने बांधलेला. गड्याची चूक नव्हती. शेरू सारखा हमरस्त्यापर्यंत पळत जायचा, आमची गाडी जिथून वळली तिथपर्यंत, म्हणून त्याने बांधला. पट्ट्याखालचे केस गेले होते, कातडी ओली होती. मला बघून तो भुंकला नाही. नुसता उभा राहिला. त्या वर्षी पर्युषणात मी दहा दिवस एकाशन केलं होतं, आणि तेच दहा दिवस तो त्या झाडाला होता. त्याला पुण्याला आणलं, पण तो फार जगला नाही.

म्हणून स्वीडनचं ठरलं तेव्हा मी यांना सांगितलं, तुम्ही पुढे व्हा. मी दोघांना घेऊन मागून येते. नातेवाइकांत काय काय बोललं गेलं ते ऐकण्यासारखं नव्हतं. "कुत्र्यांपायी नवऱ्याला परदेशात एकटं टाकलं." "त्या खर्चात बस्तीचा एक खांब झाला असता." खर्च झाला, खोटं कशाला बोलू. पण मुलाला मागे ठेवून वाचलेल्या पैशांतून खांब उभारा, असं कुणी कधी म्हणतं का?

"वेळच मिळाला नाही" ही सर्वांत मोठी थाप असते, म्हणून हिशेब नीट सांगते. भारतातून युरोपीय संघाच्या देशात कुत्रं न्यायचं तर आधी मायक्रोचिप, मग रेबीजची लस. लसीनंतर किमान ३० दिवसांनी रक्त घेतात. ते मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तपासतात, आणि रेबीजविरोधी प्रतिपिंडांचं प्रमाण मिलिलिटरला निदान ०.५ एकक भरावं लागतं. रक्त घेतल्या दिवसापासून तीन महिने थांबायचं. मग सरकारी पशुवैद्यकाचं प्रमाणपत्र. म्हणजे सगळं सुरळीत झालं तरी चार महिने. क्रम चुकला तर सगळं पहिल्यापासून: चिपच्या आधी टोचलेली लस धरत नाहीत, मग ती दरवर्षी नेमाने टोचलेली असली तरी. पग किंवा बुलडॉगसारखं चपट्या नाकाचं कुत्रं असेल तर कित्येक विमान कंपन्या घेतच नाहीत. प्रवासात त्यांना श्वास पुरत नाही. ते पिल्लू घेतानाच कळायला हवं होतं, पण असो.

आता थंडीचं. "एवढ्या गारठ्यात त्याचे हाल कशाला?" असं विचारणाऱ्यांपैकी दोघींच्या घरी पुण्यात हस्की आहे. मे महिन्यात फरशीला पोट चिकटवून धापा टाकत असतो. त्याचे हाल कुणाला दिसत नाहीत, कारण तो फोटोत छान दिसतो.

हाल होतात का? पहिल्या हिवाळ्यात आम्हा सगळ्यांचेच झाले. डिसेंबरात इथे पावणेतीनला सूर्य मावळतो. रात्रिभोजनत्याग पाळायचा तर दुपारचं जेवण हेच शेवटचं, आणि जूनमध्ये सूर्यास्त रात्री दहानंतर! (त्यावर स्वतंत्र लिहीन, तुमच्यापैकी अनेकींनी विचारलंय.) आमचा मोती गावठी, आखूड केसांचा. पहिला बर्फ पाहून दारातच बसला. त्याला जाड कोट लागतो, उणे दहाच्या खाली पारा गेला की दहा मिनिटांत परत यायचं. रस्त्यावर बर्फासाठी मीठ आणि बारीक खडी टाकतात, त्याने पंजे फाटतात. घरी आलं की कोमट पाण्याने धुवायचे, पुसायचे, खोबरेल लावायचं. दुकानातल्या पंजांच्या मलमात बहुधा मधमाश्यांचं मेण असतं, ते मी आणत नाही. घरात मात्र हीटरमुळे ऊबच असते. आता चौथ्या वर्षी मोती बर्फात लोळतो. थंडी त्याला सोसवते. एकटेपण नसतं सोसवलं.

इथल्या नियमांचंही सांगायला हवं. स्वीडनमध्ये दिवसा कुत्र्याला किमान दर सहा तासांनी बाहेर न्यावंच लागतं. बांधून किती वेळ ठेवायचं यावर मर्यादा आहे. शेपटी कापायला १९८९ पासून बंदी आहे. दोघं नोकरीला जाणारे लोक कुत्र्याला चक्क पाळणाघरात सोडतात. मांस खाणारा हा देश. त्यांनी तत्त्वार्थसूत्राचं नावही ऐकलेलं नाही, आणि बंध आणि छेद त्यांच्या कायद्यात आहेत. पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा मला लाज वाटली.

राहता राहिला खाण्याचा प्रश्न, आणि तो खरा आहे. मांजराला मांसावाचून जमत नाही, म्हणून मांजर मी आणणार नाही. कुत्र्याचं तसं नाही. इथल्याच उप्साला विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१३ साली 'नेचर'मध्ये दाखवून दिलं की माणसाजवळ राहता राहता कुत्र्यात पिष्ट पचवण्याची जनुकं लांडग्यापेक्षा कितीतरी वाढली. आपल्या आज्यांना हे भाकरी-दुधावरच्या कुत्र्यांकडे बघून ठाऊकच होतं. युरोपात पूर्ण पोषण देणारं शाकाहारी खाद्य मिळतं, पशुवैद्यकाला विचारून तेच देते. नुसत्या वरण-भातावर मात्र ठेवू नका. आणि गंमत बघा, कांदा-लसूण कुत्र्याला विषासारखे, ते आपल्या स्वयंपाकघरात नसतातच. जपायचं ते मनुका आणि चॉकलेटला.

पण गेल्या वर्षी म्हातारी चिंगी आजारी पडली. दवाखान्यात तीन आठवडे होती, आणि तिथे जे खाद्य दिलं ते शाकाहारी नव्हतं. मी विचारलं, दुसरं काही चालेल का. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आत्ता नाही. मी सही केली. त्या तीन आठवड्यांत मी एक दिवसाआड उपवास केले, आलोचना केली. माझ्या हातून दोष झाला हे मला मान्य आहे, तो मी कुणापासून लपवत नाही. पण व्रत माझं आहे. चिंगीने घेतलेलं नाही. माझं व्रत शुद्ध राहावं म्हणून तिचं अन्न रोखलं असतं, तर तो पाचवा अतिचार कुणाच्या नावावर लागला असता? ज्यांना यात माझं चुकलं वाटतं त्यांनी जरूर सांगावं. फक्त तेव्हा बदकांच्या पिसांचं जॅकेट आणि चामड्याचे बूट घालून सांगू नये. इथल्या आपल्या किती घरांत ते खुंटीला टांगलेले मी पाहिलेत!

समंतभद्राचार्य रत्नकरंडक श्रावकाचारात सांगतात की धर्माच्या बळावर कुत्राही देव होतो आणि पापाने देवही कुत्रा होतो. जीवंधर कुमाराने मार खाऊन मरायला टेकलेल्या कुत्र्याच्या कानात णमोकार म्हटला आणि तो यक्ष झाला, ही गोष्ट आपण मुलांना पाठशाळेत सांगतो. मुलं डोळे मोठे करून ऐकतात. तीच मुलं घरी येतात आणि चटई रिकामी असते.

मावसबहिणीला मी फोनवर एवढंच म्हटलं: भावजींना पुढे जाऊ दे. मुलाची शाळा तशीही ऑगस्टात सुरू होते. तू चार महिने थांब. ब्राउनीला चिप नाही ना? मग ह्याच आठवड्यात चिप बसवून घे, आणि लस त्यानंतर. आधी नाही. पावतीवर चिपचा नंबर आणि तारीख नीट लिहून घे, आणि दोन्हींचे फोटो मला पाठव. ती काही बोलली नाही. मागून ब्राउनीच्या भुंकण्याचा आवाज येत होता, कुणीतरी दारात आलं असावं.