आराम नव्हे, विश्रांती!

साथींनो,

मागण्यांची फाइल काखेत मारून आम्ही दिल्लीला किती वेळा आलो याचा हिशेब आता ठेवीत नाही. पण एका बैठकीतले एक वाक्य अजून कानांत आहे. गेटमनच्या बारा तासांच्या ड्यूटीचा विषय निघाला तेव्हा टेबलापलीकडचे साहेब म्हणाले, की बारांतले सहा तास तर तो आरामच करतो. ते हसले. आमच्या बाजूचेही दोघे हसले. त्या दिवशी आम्हाला कळले की निम्मी लढाई आपण आकड्यात नव्हे, शब्दात हरतो.

म्हणून आज शब्दांविषयी लिहीत आहोत. मॅट्रिक झालेल्या सेक्रेटरीने भाषा कशाला शिकवावी, असे कोणी म्हणेल. आम्ही भाषा शिकवीत नाही. ज्या शब्दाने आपल्या झोपेचे तास कापले जातात तो शब्द ओळखून ठेवा, एवढेच सांगतो.

वारीला गेलेल्या कोणालाही विचारा. पालखीचा विसावा वेगळा आणि मुक्काम वेगळा. विसाव्याला खांद्यावरचे ओझे घटकाभर उतरते, वाट संपलेली नसते. उसंत म्हणजे दोन कामांमधला एक श्वास. सवड म्हणजे दुसऱ्या एखाद्या कामासाठी काढलेला वेळ. निवांत तो, ज्याच्या डोक्याला कसलाही घोर नाही. आणि विश्रांती म्हणजे शीण जाऊन अंगात पुन्हा बळ येणे. दुखण्याला पडतो तो आराम चांगलाच; पण कामगाराचा आराम साहेबाच्या तोंडी आला की त्याला आळसाचा वास येतो. ‘आराम हराम है’ ही नेहरूंची घोषणा आमच्या पिढीने भिंतीभिंतींवर वाचली. ती देश उभारण्यासाठी होती. ऐकवली मात्र गेली ती कामगारालाच!

रजा आणि सुट्टी यांतही असाच फरक आहे. रजा म्हणजे मुळात परवानगी. ती मागावी लागते आणि नाकारलीही जाते. सुट्टी सुटण्यातून आली. वेळ झाली की माणूस हक्काने सुटतो. ही सुट्टी आपल्याला कोणी दान दिलेली नाही. रेल्वे-टपालात काही काळ काम केलेल्या नारायण मेघाजी लोखंडे यांनी 1884 पासून मुंबईच्या गिरणी कामगारांना संघटित केले, तेव्हा कुठे 10 जून 1890 रोजी मालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. 2005 साली टपाल खात्याने त्यांच्यावर तिकीट काढले. तिकिटावर शिक्का मारणाऱ्या हातालाच आज रविवारी पार्सलसाठी बोलावणे येते आणि बदली सुट्टी ‘नंतर बघू’ म्हणून लांबणीवर पडते.

आता गेटमनकडे वळू. 1989 च्या रेल्वे कायद्याचे कलम 130 पाहा. ड्यूटीच्या बारा तासांत सरासरी निम्मा वेळ अंगमेहनत किंवा सततचे लक्ष लागत नसेल, तर ते काम ‘मूलतः खंडित’ ठरवता येते. ज्याला आपण ई. आय. रोस्टर म्हणतो ते हेच. एकदा हा शिक्का बसला की कामाची कमाल मर्यादा आठवड्याला 75 तासांपर्यंत जाते. ‘निरंतर’ कामाला ती सरासरी 54 आणि ‘सघन’ कामाला 45 आहे. म्हणजे एका शब्दावर आठवड्याचे 21 तास टांगलेले आहेत!

नीट वाचा. कायदासुद्धा त्या वेळेला विश्रांती म्हणत नाही. तो म्हणतो, निष्क्रियतेचा काळ, आणि तो ड्यूटीतलाच. आराम हा शब्द साहेबांचा. मग आमचा एकच प्रश्न आहे. तो आराम असेल तर गेटमनने त्या वेळात डुलकी काढली की चार्जशीट का मिळते? फोन कधी वाजेल, गाडी कधी येईल, फाटकाशी कोण हुज्जत घालील, याची वाट पाहत कान टवकारून बसणे याला विश्रांती म्हणायचे काय? याला पहारा म्हणतात, आणि पहारा हे कामच आहे.

रनिंग स्टाफची कथा वेगळी नाही. आठ तास किंवा त्याहून जास्त ड्यूटी झाली की मुख्यालयात 16 तास रेस्ट, बाहेरगावी रनिंग रूममध्ये 8. तुघलकाबादला मालगाडी सोडून आलेल्या लोको पायलटने त्याच आठ तासांत अंघोळ, जेवण आणि झोप बसवायची. तेवढ्यात पुढचा कॉल! हा विसावा झाला, मुक्काम नव्हे. परगावी डाक उतरवून परतीच्या गाडीसाठी रेस्ट हाउसवर ताटकळणाऱ्या मेलगार्डलाही हे सांगायला नको. लोको पायलट म्हणतात, 30 तासांची साप्ताहिक विश्रांती या 16 तासांत मिसळू नका, दोन्ही वेगळे मोजा, एकूण 46 तास द्या. यात चैन कुठली? थकलेल्या डोळ्यांना सिग्नल दिसत नाही, एवढेच त्यांचे म्हणणे.

हा शब्दांचा खेळ आकाशातही चालतो. जुलै 2025 पासून वैमानिकांची साप्ताहिक विश्रांती 36 वरून 48 तास झाली, आणि रजा त्या विश्रांतीच्या जागी धरू नये असेही नियमाने बजावले. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात गुरुग्रामच्या इंडिगो कंपनीचे रोस्टर कोसळले, रोज शेकडो विमाने रद्द होऊ लागली. 5 डिसेंबरला दिल्लीतल्या विमान वाहतूक महासंचालनालयाने काय केले? रजेविषयीचे तेच वाक्य मागे घेतले! मनुष्यबळाचे नियोजन चुकले कंपनीचे, आणि पुसला गेला रजा आणि विश्रांती यांच्यातला फरक. शब्द क्षुल्लक असता तर एवढ्या घाईने पुसला असता काय?

म्हणून साथींनो, कामाला लागा. जॉब ॲनालिसिसला माणूस घड्याळ घेऊन आला की शाखेचा प्रतिनिधी शेजारी बसवा. प्रत्येक फोन, प्रत्येक गाडी, फाटकावरचा प्रत्येक खोळंबा लिहून घ्या. रेस्ट मोडून बोलावले तर तारीख-वेळेसह लेखी नोंद करा. रेस्टचा दिवस रजेच्या खात्यातून कापू देऊ नका. आणि पहिली सुधारणा स्वतःपासून: ‘साहेब, जरा आराम द्या’ हे वाक्य आजपासून बंद! दिल्लीत नोकरी गेली की ‘छुट्टी कर दी’ म्हणतात, हे विसरू नका. इथे आपण जपून बोललो नाही, तर आपले शब्द आपल्यावरच उलटतात.

आम्हाला आराम नको. आम्हाला विश्रांती हवी, मोजून हवी, हक्काची हवी.

कामगार एकजुटीचा विजय असो!