दूरनियंत्रणाची मर्यादा

घरातील संगणक दूरचित्रवाणी संचाला जोडावा आणि खुर्चीवर बसून हातातील रिमोटने तो चालवावा, यात आता नवलाई उरलेली नाही. ॲपल कंपनीने २००५ मध्ये आयमॅक संगणकासोबत अवघ्या सहा बटणांचा रिमोट दिला होता. चित्रपट पाहणे, गाणी ऐकणे, छायाचित्रे चाळणे एवढी कामे त्याने होत. वृद्धांना आणि अपंगांना अशी साधने वरदान ठरतात, हेही मान्य केले पाहिजे. परंतु असंख्य कामे करू शकणारे यंत्र मूठभर बटणांपुरते उरले, तर हानी कोणाची होते?

या प्रश्नाचे उत्तर कोल्हापूर जिल्ह्यातच सापडते. १९९८ मध्ये केंद्र व राज्य शासनाने वारणेच्या सहकारी संस्थांच्या साह्याने वारणा खोऱ्यातील गावांत संगणक केंद्रे उभारण्याची योजना हाती घेतली. शेतकऱ्याला बाजारभाव, पीकसल्ला, शासकीय माहिती गावातच मिळावी, ही त्यामागील आकांक्षा. प्रत्यक्षात केंद्रांवर विचारणा होत राहिली ती नेहमीचीच : ऊस किती गेला, खत किती उचलले, बिल किती निघाले. पुढे मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी सात गावांत आठ महिने एक प्रयोग केला. गावातील संगणकाच्या जागी मोबाइल फोन आला. त्यावरून ठराविक मजकुराचा लघुसंदेश धाडावा आणि दूरच्या संगणकाने उत्तर पाठवावे, अशी ती व्यवस्था होती. संगणकावरील सारी कामे फोनवर झाली, खर्च घटला, शेतकऱ्यांनाही हीच पद्धत अधिक रुचली, असा निष्कर्ष २००७ मध्ये प्रसिद्ध झाला.

संशोधकांचे काही चुकले नाही. उसाचे वजन विचारण्यासाठी गावोगाव संगणक पोसणे हा अपव्ययच. पण फोनला ती जागा इतक्या सहजी घेता आली, कारण गावातील संगणक त्याआधीच रिमोटएवढा आकसला होता. तीन प्रश्नांपलीकडचा चौथा प्रश्न त्याला क्वचितच कोणी विचारला.

कोल्हापुरातील मध्यमवर्गीय घरांत आज वेगळे काय घडते? मुलाच्या शिक्षणाचे कारण सांगून पोटाला चिमटा घेऊन संगणक घेतला जातो, आणि महिन्याभरात त्याचा दूरचित्रवाणी संच होतो. रिमोटने निवड करता येते. लिहिता येत नाही. पडद्यावरील अक्षरांवरून बाण फिरवीत पानभर निबंध लिहून पाहावा, म्हणजे फरक कळेल. लिपिक-टंकलेखक पदासाठी मराठी टंकलेखनाची मिनिटाला ३० शब्दांची अट शासनाने आजही ठेवली आहे. ती पुरी करण्यासाठी मग याच मुलांना शुल्क भरून टंकलेखनाच्या वर्गाची वाट धरावी लागते, आणि घरचा संगणक तर जागच्या जागीच असतो.

यात शिक्षकांना बरेच करता येईल. आठवड्यातून एक गृहपाठ मराठीत टंकून आणावयास सांगितला, तरी घरोघरचे कळफलक माळ्यावरून खाली येतील. ज्यांच्या घरी संगणक नाही, अशा मुलांसाठी शाळेची संगणक खोली सायंकाळी तासभर उघडी ठेवावी लागेल.