वीज कंपनीचा सौदा आणि कामगाराची जोखीम

काशीमीऱ्यासह मीरा-भाईंदरच्या वीजपुरवठ्याची मालकी गेल्या पाव शतकात दोनदा बदलली. १९२९ साली स्थापन झालेली बॉम्बे सबर्बन इलेक्ट्रिक सप्लाय कंपनी २००३ च्या सुमारास रिलायन्स समूहाच्या ताब्यात गेली. पुढे ऑगस्ट २०१८ मध्ये मुंबई उपनगरे व मीरा-भाईंदर येथील सुमारे ३० लाख ग्राहकांसह तो व्यवसाय अदानी समूहाने घेतला. व्यवहाराचे मूल्य सुमारे १८,८०० कोटी रुपये सांगण्यात आले. अशा प्रसंगी चर्चा रंगते ती मालकीची आणि वीजदरांची. खांबावर चढणाऱ्या व खड्ड्यात उतरणाऱ्या माणसाची जोखीम सौद्याच्या कोणत्या रकान्यात मांडावयाची, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो.

वस्तुतः कारखान्याची खरेदी आणि वीज वितरण कंपनीची खरेदी यांत मोठा फरक आहे. कारखान्याची यंत्रे एका छपराखाली असतात. खरेदीदारास ती तपासता येतात. वितरण कंपनीची मालमत्ता शेकडो चौरस किलोमीटरवर विखुरलेली व बरीचशी जमिनीखाली गाडलेली असते. काशीमीऱ्यासारख्या ठिकाणी महामार्ग, घोडबंदर रस्ता आणि मेट्रो यांच्या कामांमुळे जमीन वारंवार खणली जाते. केबल कोठून वळविली, जोड कोठे दिला, हे नकाशावर नोंदले नसेल तर ते जुन्या वायरमनच्या स्मरणातच उरते. मालकी बदलण्याच्या गडबडीत तो निवृत्त झाला की ही माहितीही त्याच्याबरोबर जाते. त्याच्या जागी आलेल्या कंत्राटी कामगारास बंद वाटलेली वाहिनी चालू असू शकते; बंद केलेल्या वाहिनीतही एखाद्या इमारतीच्या जनरेटरमधून उलटा प्रवाह येऊ शकतो. म्हणूनच वाहिनी तपासून, अर्थिंग केल्यावाचून तिला हात लावावयाचा नाही, असा शिरस्ता आहे. परंतु शिरस्ता पाळण्यास वेळ लागतो आणि पुरेशी माणसेही.

नेमका येथेच अर्थकारणाचा संबंध येतो. दरनिश्चितीच्या पद्धतीत भांडवली खर्चावर कंपनीस परतावा मिळतो. देखभाल व मनुष्यबळ यांचा खर्च मात्र ठरावीक मानकाने मंजूर होतो, आणि त्यात बचत केल्यास तिचा काही वाटा कंपनीकडे राहतो. हजारो कोटी मोजून आलेल्या कोणत्याही खरेदीदारास हा मोह पडणे स्वाभाविक आहे. प्रशिक्षण आणि जोडीला दुसरा माणूस या गोष्टी याच खर्चात मोडतात. काटकसरीचा लाभ ताळेबंदात लगेच दिसतो. अपघाताची किंमत मात्र बव्हंशी कामगाराचे कुटुंब मोजते.

कायदा याबाबत अगदी मुका नाही. २००३ च्या विद्युत कायद्याच्या कलम १७ अन्वये परवानाधारकाचा व्यवसाय विकण्यास नियामक आयोगाची पूर्वमान्यता लागते; कलम १६१ अन्वये अपघाताची सूचना विद्युत निरीक्षकास द्यावी लागते. मात्र विक्रीची मान्यता एका दप्तरात आणि अपघाताची नोंद दुसऱ्या दप्तरात, असा हा कारभार आहे. ही दोन दप्तरे एकत्र उघडली पाहिजेत. मान्यतेच्या अर्जासोबत मागील पाच वर्षांतील अपघातांचा तपशील, त्यात कंत्राटी कामगार व नागरिक यांची स्वतंत्र नोंद, जुन्या केबलींच्या चाचण्यांचे निकाल आणि सुरक्षेवरील खर्चाची हमी मागविण्यात यावी. ती हमी पाळली गेली की नाही, हे पुढील दरनिश्चितीच्या वेळी जाहीरपणे तपासले जावे.

अशा छाननीमुळे सौदा लांबेल आणि कंपनीची किंमत घटेल, असा आक्षेप घेतला जाईल. पण किंमत घटण्यात गैर ते काय? धोकादायक जाळ्यास कमी भाव मिळतो हे एकदा ठरले, म्हणजे विक्रेत्यास ते आधीच दुरुस्त करण्याची बुद्धी होईल. आज तशी सक्ती नसल्याने जुनी जोखीम विनामूल्य हस्तांतरित होते, आणि तिचा भार अखेरीस भर पावसात बिघाड शोधणाऱ्या कामगारावर पडतो.